सुरूरला उतरा

कात्रज, खेड शिवापूर, कापूरहोळ, किकवी, सारोळा, शिरवळ. सकाळचा चहा झाला की नाही हे अण्णांना सांगता येत नाही, पण पुणे-सातारा रस्त्यावरचे थांबे ते एका दमात म्हणतात. एसटीत कंडक्टर म्हणून उभी हयात या रस्त्यावर गेली. साताऱ्याहून पुण्याकडे येताना आता खंबाटकीत बोगदा लागतो. अण्णांच्या रस्त्यावर तो अजून खणलेलाच नाही. त्यांची गाडी दोन्ही वेळा घाटातून जाते.

विसरायला लागले तेव्हा आधी रक्त तपासून घेतलं. बी-१२ कमी असलं किंवा थायरॉईड बिघडलं तरी माणूस विसरू लागतो, आणि ते औषधाने सुधारू शकतं. आमच्या वाट्याला ते नव्हतं. १९०६ मध्ये आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी ज्या आजाराची पहिली नोंद मांडली, तो निघाला. त्यात मेंदूतला हिप्पोकॅम्पस लवकर झिजतो. नव्या आठवणी धरून ठेवण्याचं काम त्याचं. म्हणून आजचा दिवस निसटतो आणि तरुणपणीचा फाटा जागच्या जागी उभा असतो.

ऊन कललं की त्यांची घालमेल सुरू होते. खिसे चाचपतात, चपला शोधतात, ड्यूटीला उशीर झाला म्हणतात. "तुम्ही रिटायर झालात" हे वाक्य त्या वेळी फार निष्ठुर असतं. ते ऐकून चेहरा पडतो. थोड्या वेळाने वाक्य विसरलं जातं, पडलेला चेहरा तसाच राहतो. दुःखाचं कारण पुसलं तरी दुःख मागे उरतं, हे मी रोज पाहतो. म्हणून मी दिवे लवकर लावतो, शेजारी बसतो आणि विचारतो, "मास्तर, आज गर्दी किती?" मग ते सांगत बसतात. यात्रेच्या दिवसांतली टपापर्यंत भरलेली गाडी, वेबिलाचा हिशेब, दोरी ओढून दिलेली डबल बेल. बोलता बोलता त्यांचा अंगठा अदृश्य तिकिटं मोजत असतो. हातांची स्मृती मेंदूत वेगळ्या जागी राहते म्हणतात. त्या जागेचे माझ्यावर फार उपकार आहेत.

एकच गोष्ट मी घरी येणाऱ्यांना कळकळीने सांगतो. "ओळखलंत का मला?" असं कृपा करून विचारू नका. आपल्याच घरात बसून त्यांनी परीक्षा का द्यावी? दारातच आपलं नाव-गाव सांगा.

परवा आत्या आली. दारातूनच म्हणाली, "दादा, मी तुझी धाकटी बहीण, वाईहून आलेय." अण्णांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. बहीण काही सापडली नाही, पण वाई सापडली. "वाईला जायचंय? मग सुरूरला उतरा. तिथनं गाडी मिळंल."

आत्याने डोळे पुसले, त्यांच्या शेजारी सरकून बसली आणि तळहात पुढे केला.

"एक सुरूर द्या, मास्तर."