लाल दिवा, हिरवा दिवा

आमच्या सबवूफरच्या मागच्या बाजूला एक बारीक दिवा आहे. चालू असला की हिरवा, झोपला की लाल. तो भिंतीकडे असल्यामुळे कुणाला दिसत नाही, म्हणून डबा नेमका कधीपासून आपोआप बंद पडायला लागला हे सांगता येत नाही. बाबांना ते सगळ्यांत आधी कळलं होतं. पण ते बोलले नाहीत.

बाबा हिंगणघाटच्या एका कापड गिरणीत मागांवर होते. मागांच्या खात्यात आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो. आठ तासांच्या पाळीसाठी मर्यादा ९० ची. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत आवाजाने येणारं बहिरेपण हा सरकारला कळवायचा आजार होता. बाबांच्या खात्यात तो कुणी कुणाला कळवला नाही. कानात कापसाचा बोळा, एवढाच बंदोबस्त. आणि कापसाच्या गावात बोळ्यांची काय टंचाई!

आवाजाने कान जातो तो सरसकट जात नाही. आधी ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यातले बारीक आवाज जातात. कानाच्या आत शंखासारखी नळी असते. तिच्या तोंडाजवळच्या केसपेशी बारीक आवाज टिपतात, आत टोकाजवळच्या जाड आवाज. मार आधी तोंडाजवळ बसतो आणि मेलेली पेशी परत उगवत नाही. त्यामुळे बाबांना ट्रकचं इंजिन ऐकू येतं, ढग ऐकू येतात, कुकरची शिट्टी येत नाही. बोलण्यातले स्वर पोचतात. स, श, च, ट वाटेत गळतात. ‘चहा?’ विचारलं की त्यांना ‘हा’ एवढंच ऐकू येतं आणि ते ‘हो’ म्हणतात. आमच्या घरी बाबांना चहा कधी कमी पडलेला नाही. कानाचं मशीन लावायला मात्र ते तयार नाहीत. लोकच पुटपुटतात, असं त्यांचं मत.

दोन वर्षांपूर्वी मी नागपूरहून जुना रिसिव्हर आणि दहा इंची सबवूफर आणला तो माझ्या हौसेपायी. पण त्याचा कब्जा बाबांनी घेतला. रिसिव्हरमध्ये ८० हर्ट्झची रेघ आखलेली असते: तिच्याखालचे आवाज सबवूफरला, वरचे बाकीच्या स्पीकरना. म्हणजे बाबांचे शाबूत राहिलेले आवाज एका डब्यात गोळा झाले होते. जेवण झालं की खुर्ची ओढायची, डब्याला तळपाय टेकवायचा आणि जुना हिंदी सिनेमा लावायचा. १९७५ चा ‘शोले’ तर महिन्यातून एकदा ठरलेला. आगगाडी आली, घोडे आले की म्हणायचे, “कानातूनबी येते अन् पायातूनबी येते.”

यंदा एप्रिलमध्ये ताई बाळंतपणाला आली. बाळ झालं, मधल्या खोलीत पाळणा लागला आणि रात्री टीव्हीचा आवाज उतरला. मे संपता संपता बाबा सिनेमा अर्धा टाकून अंगणात खाटेवर जाऊन पडायला लागले. आम्हाला वाटलं उकाडा. एका रात्री पडलेला रिमोट काढायला मी डब्यामागे वाकले. सिनेमा चालू होता आणि दिवा लाल होता.

“बाबा, हा बंद आहे!” दोनदा सांगावं लागलं.

ते खुर्चीतून उठले, वाकून स्वतः दिवा पाहिला. मग म्हणाले, “मले वाटलं, राह्यले-साह्यले कानबी गेले माहे.”

तीन आठवडे हा माणूस ते पोटात ठेवून सिनेमे बघत होता. मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकले, नोकरी बँकेत करते. त्या रात्री बऱ्याच वर्षांनी शिकलेलं आठवावं लागलं. आधी त्यांना डोळे मिटायला लावले, फोनवरून ४० हर्ट्झचा सूर अधूनमधून सोडला, ऐकू आला की बोट वर करा म्हटलं. पाय डब्यावरून खाली. आठ वेळा सूर, आठ वेळा बोट. नवव्यांदा मी काहीच लावलं नाही. त्यांनी बोट हलवलं नाही आणि डोळे न उघडताच विचारलं, “फसवतं काय, माय?”

मग पेचकस आणि मल्टिमीटर. आपोआप बंद पडणाऱ्या सबवूफरचे संशयित मोजके असतात. पहिली उष्णता: अॅम्प्लिफायर मागच्या पत्र्यालाच बसवलेला असतो, फार तापला की स्वतःला बंद करून घेतो. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ वर गेला तरी कुणी दचकत नाही, म्हणून संशय रास्त होता. पण पत्रा कोमटच लागला. दुसरं व्होल्टेज. संध्याकाळी गल्लीतले कूलर लागले की ते उतरतं. डबा बंद पडला त्या क्षणी मीटरवर २१८ होतं, म्हणजे ठीक. केबल बदलली, प्लग बदलला. बाजारातल्या मेकॅनिकने डबा न उघडताच कौल दिला, “बोर्ड गेला मॅडम, नवाच घ्या.” न उघडता सांगितलेल्या निदानाला मी फारसा मान देत नाही. शिवाय बोर्ड गेला असता तर दिवसाही गेला असता. दुपारी बाळ जागं असताना आवाज चढवून लावला की डबा दोन-दोन तास हूं की चूं करत नव्हता.

रात्री मी घड्याळ लावून बसले. शेवटच्या गडगडाटानंतर वीस मिनिटं. दुसऱ्या रात्री पुन्हा वीस. तापलेला पार्ट किंवा सैल वायर इतकी वक्तशीर नसते. हे कुणीतरी ठरवून केलेलं होतं.

मागे ‘ऑटो’ लिहिलेली कळ होती. या अवस्थेत डबा आत येणाऱ्या सिग्नलवर पहारा ठेवतो. काही मिलिव्होल्टांच्या वर काही आलं नाही, की ठरलेल्या वेळाने झोपतो. वीज वाचावी म्हणून ही सोय. युरोपात २०१३ पासून झोपलेल्या उपकरणाने साधारण अर्ध्या वॅटहून जास्त वीज खाऊ नये असा नियमच आहे. आमच्याकडे झालं ते असं: आवाज उतरवला तसा सिग्नलही उतरला. त्यात जुन्या सिनेमांत वीस-वीस मिनिटं नुसते संवाद, आणि संवादात ८० हर्ट्झच्या खाली जवळपास काही नसतं. पुढे घोडे आले तरी त्यांच्या टापा डब्याला जागं करण्याइतक्या जोरकस उरल्या नव्हत्या. घरात कुणी ऐकतच नाहीये, असं त्याने ठरवून टाकलं. आणि कानाचंही तसंच आहे. बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं की आवाज हळू केला की जाड सूर कानातून बाकीच्यांच्या आधी नाहीसे होतात. म्हणजे डबा जागा असतानाही बाबांच्या वाटणीचं थोडंच उरत होतं.

उपाय पाच मिनिटांचा निघाला. रिसिव्हरमध्ये सबवूफरची पातळी सहा डेसिबलने वाढवली आणि डब्यावरचं बटण तेवढंच मागे फिरवलं. खोलीत आवाज तेवढाच, पहारेकऱ्याकडे मात्र दुप्पट सिग्नल. घोडे आले की डबा जागा व्हायला लागला. कोर्टाचे लांबलचक सीन आले की तरीही झोपायचा, म्हणून शेवटी कळ ‘ऑटो’वरून ‘ऑन’वर केली. बाबांसाठी बटण पुन्हा थोडं पुढे घेतलं. ताईला धास्ती होती, कारण जाड आवाज भिंतीला जुमानत नाही. पण बाळ त्या घुमण्यात गाढ झोपतं आणि वाटीत चमचा पडला की उठतं. आजोबांच्या नेमकं उलटं.

जूनमध्ये बाबा सेवाग्रामला कान तपासून घ्यायला तयार झाले. कागदावरची रेघ २५० हर्ट्झला बरीच वर आहे, ४००० ला खड्ड्यात. “म्हणजे इकडचं माहं हाय अजून,” रेघेच्या डाव्या टोकावर बोट ठेवून त्यांनी खातरजमा करून घेतली. मशीनचा विषय अजून चर्चेत आहे.

आता भांडण वेगळंच चालू आहे. ‘ऑन’वर ठेवलेला डबा गप्प असतानाही दहा वॅट खातो, म्हणजे महिन्याला सात युनिट, असं मी एकदा बोलून गेले. ते मात्र त्यांना पहिल्यांदाच ऐकू आलं. “सात युनिट कायले जाळतं?” म्हणून रात्री सिनेमा संपला की ते स्वतः बोर्डाचं बटण बंद करतात, खाली वाकतात, दिवा विझला का ते बघतात आणि मगच अंगणात झोपायला जातात.