सोडलेली जागा

उपवासकाळातील एका रविवारी मिस्सा सुरू झाल्यावर एक गृहस्थ आमच्या शेजारी येऊन बसले. येरवड्याच्या कारागृहातून शिक्षा भोगून ते नुकतेच सुटले आहेत, हे धर्मग्रामात सर्वांना ठाऊक होते. आम्ही नकळत थोडे सरकलो. खरे सांगायचे तर नकळत नव्हे, जाणूनबुजून सरकलो.

फेब्रुवारी १९८६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे पुण्यात आले, तेव्हा गर्दीत टाचा उंचावून आम्ही त्यांचे दर्शन घेतले होते. ती आठवण आम्ही अजूनही अभिमानाने सांगतो. याच पोपमहाशयांवर १९८१ साली मेहमत अली आगजा याने गोळ्या झाडल्या होत्या. आणि डिसेंबर १९८३ मध्ये रोममधील तुरुंगात जाऊन ते त्याच्या शेजारी बसले होते, त्याचा हात हाती घेऊन.

क्षमेला पात्रता लागत असती, तर क्रुसावरील चोराला नंदनवनाचे अभिवचन मिळाले नसते. सत्कृत्ये करायला त्याच्यापाशी वेळ तरी कोठे उरला होता? देवाची दया ही मजुरी नव्हे, दान आहे.

ख्रिस्तप्रसादापूर्वी आपली अपात्रता त्या गृहस्थांनी आणि आम्ही एकाच वेळी उच्चारली. त्यांचा कंठ दाटून आला होता. आमचे शब्द सवयीने बाहेर पडले. आमच्या बाकावरचा परुशी कोण, हे आम्हाला उमगले.

ख्रिस्तप्रसाद घेऊन परतलो, तेव्हा सोडलेली जागा आम्ही भरून काढली. पुढच्या शनिवारी पापस्वीकारात प्रथम हेच सांगितले. क्षमा मिळाली, तीही पात्रता नसताना.