उभ्या गाडीचे तास

ट्रकचालकाच्या थकव्याचं कारण आपण रस्त्यात शोधतो. लांबचा पल्ला, रात्रीचं जागरण, खड्डे. मालवाहतुकीचा, त्यातही चालकांच्या कामाच्या वेळेचा अभ्यास करताना मला ते कारण फाटकावर सापडलं. माल भरायच्या फाटकावर आणि उतरवायच्याही. कागदावर किलोमीटर मोजले जातात, म्हणून ते तिथे दिसत नाही. केबिनमध्ये चालकाशेजारी बसावं, वहीत दोन रकाने आखावेत, चाक फिरलं तो वेळ आणि चाक थांबलं तो वेळ. दुसरा रकाना भराभर भरत जातो.

या कामासाठी मी चंद्रपूर-मंचेरियल-हैदराबाद हा मार्ग धरला. गडचांदूर परिसरात सिमेंट भरलेली गाडी राजुऱ्याहून निघते आणि वांकिडी, आसिफाबाद, बेल्लमपल्ली करत मंचेरियलला पोचते. 1956 पर्यंत राजुरा तालुका आदिलाबाद जिल्ह्यातच होता, आणि मंचेरियलही 2016 साली वेगळा जिल्हा होईपर्यंत त्याच जिल्ह्यात होतं. त्यामुळे इथले चालक मराठीत बोलता बोलता तेलुगूत शिरतात, हिशेब हिंदीत करतात. मंचेरियलच्या आजूबाजूला सिंगरेणीच्या कोळशाच्या खाणी, दक्षिणेला गोदावरी, नदीपार रामगुंडमचं वीज केंद्र. बार्शीहून लातूर, उदगीर, देगलूरमार्गे आलेला राष्ट्रीय महामार्ग 63 इथूनच चेन्नूर, सिरोंचाकडे जातो. गाडीला भाडं मिळण्याचं हे गाव, आणि भाड्याची वाट बघण्याचंही.

खेपेची सुरुवातच थांबण्यानं होते. गाडी सकाळी रांगेत लागते, नंबर रात्री येतो. मधल्या वेळात चालकाला झोपता येत नाही, कारण रांग वीतभर सरकली तरी गाडी सरकवावी लागते. नाही तर मागचा पुढे घुसतो. मग पन्नास-पन्नास किलोच्या गोण्या चढतात, वजनकाटा होतो, बिल्टी म्हणजे मालाची वाहतूक पावती हातात पडते. त्यानंतर ताडपत्री. सिमेंटला पाण्याचा थेंब चालत नाही, म्हणून ताडपत्रीची कडा आत दुमडून रस्सा एका हुकातून दुसऱ्या हुकात ओढत, प्रत्येक ओढीला अंगाचा भार टाकत बांधावा लागतो. हल्ली बहुतेक गाड्यांवर क्लीनर नसतो. मालकाचा एक पगार वाचतो आणि ते काम चालकाच्या अंगावर येतं. दिवसभर रांगेत तिष्ठलेला माणूस मध्यरात्री घामाघूम होऊन स्टीअरिंगवर बसतो. प्रवास तेव्हा कुठे सुरू होतो.

रस्त्यावर मात्र हीच माणसं किती सावध असतात, हे शेजारी बसल्याशिवाय कळत नाही. गाडी थांबली की चालक टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घेऊन खाली उतरतो आणि एकेका टायरवर ठोका मारतो. मागच्या जोडीतला आतला टायर बसला तर बाहेरून दिसत नाही, सगळा भार बाहेरच्यावर येतो आणि तो तापून फुटतो. भरल्या टायरचा आवाज टणक, हवा गेलेल्याचा बद्द. अंधारात, इंजिनाच्या घरघरीत ते हा फरक ओळखतात. दहा चाकी गाडीचं मालासकट वजन 2018 पासून 28.5 टनांपर्यंत चालतं, आधी ते 25 टन होतं. साडेतीन टन वाढले आणि भाड्याचा हिशेब बदलला, पण उतारावर ते आवरणारा माणूस एकटाच राहिला.

परतीची कथा आणखी लांबते. रिकामी गाडी मालकाला परवडत नाही, म्हणून तांदूळ किंवा कोळसा मिळेपर्यंत मंचेरियलच्या आसपास गाडी उभी राहते. केबिनच्या सावलीत स्टोव्ह पेटतो, भात शिजतो, फोनवर दलालाशी बोलणं चालू असतं. राजुऱ्याकडचा एक चालक मला म्हणाला, "सर, गाडी चालली त कमाई, उभी रायली त खर्च. मालकाचं सोडा, मी माह्या खिशातून जेवतो." हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी अडकून पडल्याचे, पैसे ठरलेले असले तरी पार्टीकडून ते वसूल होताना घासाघीस होते, आणि झालेच तर चालकापर्यंत किती पोचतात ते मालकाच्या मर्जीवर. म्हणून वाया गेलेला वेळ चालक रस्त्यावर भरून काढतो. झोप टाळतो, वेग वाढवतो.

कायदा नव्हता असं नाही. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं दिवसाला 8 तास काम आणि सलग 5 तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती ठरवून दिली. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांसाठी होता. आपल्याकडे ट्रकचे मालक बहुतांशी एक-दोन गाड्यांचे, त्यांचा चालक त्यातून सुटला. आणि जिथे कायदा लागू होता, तिथेही फाटकावरची रांग विश्रांतीत धरायची की कामात, हे चालकाला कुणी विचारलं नाही.

थांबणं हे नशीब आहे, असं मात्र मला कुणी पटवू शकत नाही. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि राज्याच्या सीमांवरचे विक्रीकराचे नाके उठले. तिथल्या रांगा पिढ्यान्‌पिढ्यांच्या होत्या. एका निर्णयानं त्या गेल्या. पुढे मालासोबत लागणारं ई-वे बिल आलं आणि 2021 पासून दर 200 किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत ठरली. म्हणजे माल किती वेळात पोचावा हे आपण ठरवू शकतो. तो पोचवणाऱ्याला किती वेळ ताटकळत ठेवावं, याला मुदत नाही.

1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. रामगुंडम-मंचेरियलचा मे महिना ज्यानं केबिनमध्ये काढला आहे, त्याला तिचं मोल कळेल. पण ती थंड हवा इंजिन चालू असेपर्यंतच. रांगेत डिझेल जाळून कोण बसेल?

माझी मागणी साधी आहे. गाडी फाटकावर लागली ती वेळ आणि मोकळी झाली ती वेळ बिल्टीवर नोंदवा, दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशी. ठरलेल्या तासांपुढच्या प्रत्येक तासाचे पैसे माल पाठवणाऱ्यानं किंवा घेणाऱ्यानं द्यावेत आणि त्यातला चालकाचा वाटा थेट त्याच्या खात्यात जावा. थांबवण्याला किंमत लागली की रांगा आखडतील, आणि चालक झोपून उठून रस्त्याला लागेल. त्या रस्त्यावर आपण सगळेच असतो.