रिव्हर्स आणि तीन टिंबं

कोड रिव्ह्यूला बसलो की एक गोष्ट मी हमखास खोडायचो. ॲरे उलटा करण्याआधी कुणी चौकटी कंसात तीन टिंबं देऊन त्याची प्रत काढली असेल, तर ती टिंबं उडवायची आणि शेरा मारायचा, 'थेट रिव्हर्स लिहा, मेमरी फुकट येत नाही.' मी सी शिकून आलेला माणूस. टोकांचे घटक अदलाबदल करत मध्यापर्यंत यायचं, झालं काम. वेगळी जागा लागतच नाही. जावास्क्रिप्टचं रिव्हर्सही 1997च्या पहिल्या एक्मास्क्रिप्ट प्रमाणापासून जागच्या जागीच उलटवतं. ज्याला हे ठाऊक नसेल त्याने डॉक्युमेंटेशन वाचावं, असं मी तावातावाने सांगायचो.

हल्ली नाही सांगत.

हे मत सैल केलं रिॲक्टने. चॅटमधले नवे मेसेज वर दिसावेत म्हणून कॉम्पोनंटमध्येच रिव्हर्स लिहिलं, की प्रत्येक रेंडरला तीच यादी पुन्हा पालथी होते. खालच्या बॉक्समध्ये एक अक्षर टाइप केलं की ताजा मेसेज तळाला, दुसरं केलं की परत वर. स्टेट बदलताना तोच ॲरे उलटा करून दिला, तर स्क्रीनवर काहीच हलत नाही. रिॲक्ट ॲरे तोच आहे की दुसरा एवढंच बघतं, आत काय फिरलं ते नाही. डॉक्युमेंटेशन कोळून प्यायलेल्यांच्या कोडमध्येही हे बग सापडू लागले, तेव्हा माणसांना दोष देणं मी थांबवलं.

खोट जागच्या जागी उलटवण्यात नाहीच. पायथॉनची लिस्टही तशीच उलटते, पण तिथलं रिव्हर्स हातावर 'नन' ठेवतं. उत्तर व्हेरिएबलमध्ये घ्यायला गेलात की लगेच ठेच लागते. पीएचपीचं ॲरे-रिव्हर्स सरळ नवा ॲरे देतं. जावास्क्रिप्ट मात्र मूळ बदलतं आणि वर तोच परतही देतं. वाचणाऱ्याला वाटतं दोन याद्या झाल्या; असतात एकाच यादीची दोन नावं.

राहिली मेमरी. 10,000 नोंदींच्या ॲरेची प्रत म्हणजे फार तर 80 किलोबाइटच्या आसपास, कारण उतरतात ते फक्त पत्ते. आतले ऑब्जेक्ट तेच राहतात. (म्हणूनच प्रतीतल्या ऑब्जेक्टला हात लावला तर मूळही बदलतं.) मोबाइलवरचा एक साधा फोटो याहून कितीतरी जड असतो. त्यासाठी मी एवढा भांडत होतो!

2023च्या प्रमाणात टूरिव्हर्स्ड आलं. ते मूळ तसंच ठेवून उलटी प्रत देतं, आणि आता मी तेच सुचवतो. ॲरे फंक्शनच्या आत नुकताच बनवलेला, बाहेर कुणाच्या हाती न गेलेला असेल, तर अजूनही बिनदिक्कत रिव्हर्स. पण पुष्कळदा दोन्ही नको असतं. शेवटून पहिला जुळणारा घटक हवा म्हणून लोक अख्खा ॲरे उलटवतात. त्याच प्रमाणात त्यासाठी फाइंडलास्ट आलेलं आहे.