देण्याची मात्रा

वाचकहो, या पाक्षिकात डॉक्टरने आहार, झोप, साखर, रक्तदाब यांविषयी लिहावे, ही तुमची अपेक्षा रास्तच आहे. आज मला पैशाविषयी लिहायचे आहे. पण सुरुवात रक्तदाबापासूनच करावी लागेल.

धुळ्यातील माझ्या दवाखान्यात साठी ओलांडलेल्या एक बाई अनेक वर्षांपासून येतात. चार घरची धुणीभांडी करून त्या एकट्या राहतात. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलला आहे. आम्ही दोघेही एकाच मंडळीचे, म्हणजे एकाच चर्चचे, सभासद. काही वर्षांपूर्वी कापणीच्या सणानंतरच्या सोमवारी डोके जड झाल्याची तक्रार घेऊन त्या आल्या. रक्तदाब १९०/११० होता. गोळी रोज घेता का, असे विचारताच त्यांनी मान खाली घातली. महिनाभर त्या गोळी एक दिवसाआड घेत होत्या. वाचलेले पैसे त्यांनी सणाच्या अर्पणासाठी बाजूला ठेवले होते.

मी रागावलो. गोळी चुकवल्याने पक्षाघात होऊ शकतो, हात-पाय निकामी होऊ शकतात, हे त्यांना कठोर शब्दांत सुनावले. त्या एवढेच म्हणाल्या, “रिकामा हात लिसन कशी जाऊ, डॉक्टरसाहेब?”

कापणीचा सण म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. शेतातील नव्या पिकाचा वाटा त्या दिवशी देवापुढे आणतात. ज्वारी-बाजरी, भरिताची वांगी, कोंबडी, केळीचा घड असे जे ज्याच्याकडे असेल ते. उपासनेनंतर या वस्तूंचा लिलाव होतो आणि जमलेली रक्कम मंडळीच्या कार्याला जाते. आदल्याच दिवशी मी केळीच्या एका घडावर दोन हजारांची बोली लावली होती. जळगावात लहानाचा मोठा झालेल्या माणसाने केळीला इतके पैसे मोजावेत, याची सर्वांना गंमत वाटली; टाळ्याही पडल्या. त्या टाळ्यांच्या धुंदीत मी घरी गेलो होतो. बाईंची घडी केलेली नोट थैलीत पडली, तेव्हा टाळी वाजली नव्हती.

त्या रात्री मी पासबुक काढून बसलो. वर्षाचे उत्पन्न एका बाजूला मांडले, वर्षाचे दान दुसऱ्या बाजूला. दान एक टक्काही भरले नाही.

माझे वडील जळगावला शिक्षक होते. पगाराच्या दिवशी ते प्रथम दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, एका पत्र्याच्या डब्यात वेगळा ठेवत आणि मगच आई किराण्याची यादी करी. मी मात्र “हप्ते फिटले की देऊ” म्हणत राहिलो. दवाखान्याचे कर्ज फिटले, मुलांची शिक्षणे झाली. हात मात्र मिटलेलाच राहिला. शिवाय एक सबब सदैव तयार असे : गरीब रुग्णांकडून मी फी घेत नाही. ते खरेही होते. पण ती सवलत मी कधी मोजली नव्हती, म्हणूनच ती मला नेहमी मोठी वाटत आली.

मंदिराच्या दानपेटीत दोन लहान नाणी टाकणाऱ्या विधवेची गोष्ट मार्ककृत शुभवर्तमानात आहे. श्रीमंतांनी आपल्या भरपूरातून दिले, तिने आपल्या गरजेतून दिले, असे येशू म्हणतो. हा प्रसंग मी लहानपणापासून ऐकत आलो. त्या रात्री मात्र त्याच्या अगदी आधीच्या ओळींवर नजर थांबली. विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या धर्मपुढाऱ्यांना तेथे खडसावले आहे. पुढे पहिल्या मंडळीने तर विधवांच्या रोजच्या अन्नवाटपात हयगय होऊ नये म्हणून सात माणसे नेमली. विधवेचे दान थोर होतेच. पण तिच्या आसपास उभे असलेल्यांचे काय? बाईंच्या गोळीची जबाबदारी त्यांच्यावर टाकून मी मोकळा झालो होतो.

आयुष्यभर बसून काम केलेल्या रुग्णाला आपण पहिल्याच दिवशी दहा किलोमीटर चालायला सांगत नाही. मीही दोन टक्क्यांपासून सुरुवात केली आणि दरवर्षी एक टक्का वाढवायचे ठरवले. पौलाने करिंथच्या मंडळीला हेच सुचवले होते : आठवड्याच्या पहिल्या दिवशी, आपापल्या मिळकतीप्रमाणे, आधीच बाजूला काढून ठेवा. आज मी सात टक्क्यांवर आहे. वडिलांचा डबा अजून दूर आहे. पहिले काही महिने महिनाअखेरीस चक्क भीती वाटे. ती हळूहळू ओसरली. रात्री अंथरुणावर ठेवींचे व्याज मोजण्याची सवयही कमी झाली.

याला संशोधनाचाही आधार आहे. एलिझाबेथ डन, लारा अकनिन आणि मायकेल नॉर्टन यांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना सकाळी पाच किंवा वीस डॉलर देऊन ते संध्याकाळपर्यंत खर्च करण्यास सांगितले. निम्म्यांनी स्वतःवर, निम्म्यांनी दुसऱ्यावर. दुसऱ्यावर खर्च करणारे अधिक आनंदी आढळले, आणि रकमेच्या लहान-मोठेपणाने त्यात फरक पडला नाही.

तरीही डॉक्टर म्हणून काही पथ्ये सांगतो. औषधाच्या, दूध-भाजीच्या किंवा कर्जाच्या हप्त्याच्या पैशातून दान करू नका. दान दिल्याने आजार बरा होईल असे कोणी सांगत असेल, तर त्याला एक रुपयाही देऊ नका. आणि जोडीदाराला विचारल्याशिवाय उदार होऊ नका. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला. त्यांचे औदार्य विलक्षण होते. पण त्या औदार्यात संसार चालवताना काय करावे लागते, हे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये वाचावे. आमच्या घरी टक्का वाढवायचा की नाही, हे दरवर्षी पत्नी आणि मी मिळून ठरवतो.

पाळकसाहेबांशी बोलून आम्ही काही जणांनी मंडळीत एक लहानसा औषध निधी सुरू केला. देणाऱ्याचे नाव जाहीर होत नाही, घेणाऱ्याचेही नाही. औषध दुकानाचे बिल परस्पर भागते. तुमच्या घरी याला दान म्हणत असतील, जकात म्हणत असतील किंवा दसवंध. या महिन्यात उत्पन्न आणि दान हे दोन आकडे एका कागदावर मांडून पाहा. तपासणीशिवाय मात्रा ठरत नाही.

बाई आता रोज गोळी घेतात. मागच्या खेपेला रक्तदाब १३८/८४ होता. रविवारी थैली फिरते, तेव्हा त्या अजूनही घडी केलेली नोट टाकतात. मी त्यांना आता रागावत नाही.