नारिंगी पेन्सिल

बालदोस्तांनो, शाळेत तुम्ही नकाशे रंगवता ना? कापसाला एक रंग, उसाला दुसरा. आज मी अशाच एका नकाशाची गंमत सांगणार आहे. गंमत कसली, माझी फजितीच म्हणा!

मी ह्यूस्टनला भावाकडे गेले होते. माझी भाची तेव्हा सातवीत. तिला शाळेतून टेक्सास राज्याचा नकाशा रंगवायला दिला होता. या राज्यात २५४ काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी. २०२०च्या जनगणनेप्रमाणे काउंटीतल्या दर शंभर माणसांत किती हिस्पॅनिक, ते बघून नारिंगी रंग भरायचा. जास्त असतील तर गडद, कमी असतील तर फिका. हिस्पॅनिक म्हणजे ज्यांचं मूळ मेक्सिको, क्यूबा अशा स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतलं. त्यांत गोरेही असतात, काळेही. म्हणून तिथल्या २०२०च्या जनगणनेत वंशाचा प्रश्न वेगळा विचारला होता आणि हा वेगळा.

दक्षिणेला रिओ ग्रांदे नदीकाठी पेन्सिल दाबून दाबून झिजली. स्टार काउंटीत, वेब काउंटीत शंभरातले पंच्याण्णवहून जास्त! पूर्वेकडे मात्र रंग फिका. पार उत्तरेला डेफ स्मिथ नावाच्या काउंटीत पुन्हा गडद ठिपका. (डेफ म्हणजे बहिरा. या स्मिथला ऐकू कमी यायचं, पण होता तो पटाईत हेर!) तिथं शेती, गुरांचे मोठाले गोठे, मांसाचे कारखाने. कामाच्या मागे माणसं गेली.

ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीला भाचीनं मध्यम रंग दिला, कारण शंभरात ४३च. मी म्हटलं, "म्हणजे इथं कमी लोक." ती हसली. "आत्या, इथं वीस लाखांच्या वर आहेत! स्टारची सगळी वस्ती मिळून सुमारे ६६ हजार." बघा, रंग प्रमाण सांगतो, डोकी मोजत नाही. पहिली चूक माझी.

दुसरी जास्त वाईट. भाचीच्या मैत्रिणीची आजी तिला न्यायला आली होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "तुम्ही मेक्सिकोहून कधी आलात?"

आजींनी कप खाली ठेवला. "आम्ही आलोच नाही," त्या म्हणाल्या. "आम्ही लारेडोतच होतो."

लारेडो हे वेब काउंटीतलं गाव. १७५५ साली वसलं तेव्हा राज्य स्पेनचं. १८२१मध्ये मेक्सिको स्वतंत्र झाला, गाव त्याचं झालं. मग युद्ध झालं आणि १८४८च्या तहानं नदी ही सरहद्द ठरली. आजींचं घराणं होतं तिथंच राहिलं, देश बदलला! काहीजण नदी ओलांडून पलीकडे गेले, त्यांनी नवं लारेडो वसवलं. तरी आजींना हा प्रश्न जन्मभर विचारतात. शाळेत, दुकानात, आणि आता माझ्यासारख्या पाहुणीनंही.

मला फार ओशाळल्यासारखं झालं. कारण दोस्तांनो, मी इंदूरची. होळकरांच्या काळापासून आमचं घराणं तिथं आहे. तरी इंदुरात विचारतात, "महाराष्ट्र से कब आए?" आणि पुण्यात विचारतात, "तुम्ही हिंदीवाले का हो?" दोन्हीकडे मला किती राग यायचा!

मी माफी मागितली. आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी नकाशा जवळ ओढला, वेब काउंटीवर बोट ठेवलं आणि भाचीला म्हणाल्या, "इथं अजून थोडा दाब दे." पेन्सिल नखाएवढीच उरली होती, तरी तिनं दिला.

मग आजींनी मला विचारलं, "आणि तुम्ही कुठल्या?"

ते समजावता समजावता चहा पार थंड झाला.