पुरेसा

गेल्या वर्षी जून महिन्यात, शाळा उघडून पंधरा दिवस झाले असतील नसतील, एका दुपारी आमच्या माडीवरून धप् धप् असा आवाज येऊ लागला. गगनबावड्याचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगावयास नको की, त्या दिवसांत कौलांवरील धारांपलीकडे घरात दुसरा आवाज ऐकू येणे हेच नवल. वर जाऊन पाहतो तो आमचा नातू भाताच्या पोत्यावर मुठी आपटीत होता. बोटांची साले निघाली होती.

खोदून विचारता कळले की, वर्गातील एक मुलगा, अंगाने याच्या दीडपट, रोज याचा डबा खातो व वर सर्वांदेखत टपली मारतो. नातवाने त्याला शनिवारी शाळा सुटल्यावर ‘बघून घेतो’ असे सांगून टाकले होते. शनिवारला चार दिवस उरले होते. “आजोबा, घरात कुणाला सांगू नका,” एवढीच त्याची विनंती.

वाचकहो, येथे आम्हांस आमचेच एक जुने पाप आठवले. सुमारे तीस वर्षांपूर्वी असाच एक किरकोळ अंगाचा विद्यार्थी हीच तक्रार घेऊन आमच्याकडे आला होता. आम्ही त्यास क्षमेचे माहात्म्य सांगितले, एक सुभाषित पाठ करावयास दिले, आणि समाधानाने पुढील तासास गेलो. दिवाळीच्या सुटीनंतर तो मुलगा शाळेत परतलाच नाही. भागवताच्या दशम स्कंधात बाळकृष्णासमोर पर्वतप्राय चाणूर उभा राहतो, तेव्हा मथुरेच्या स्त्रिया म्हणतात की, ही जोड विषम आहे व ती मुकाट्याने पाहणाऱ्या सभासदांस अधर्म लागतो. हा अध्याय आम्ही कितीदा तरी वाचून दाखविला. परंतु ते सभासद म्हणजे आपणच, हे ध्यानी येण्यास फार उशीर झाला.

त्याच संध्याकाळी नातवास घेऊन आम्ही शेजारच्या गावातील तालमीत गेलो. वस्तादांनी त्याचे दंड चाचपले व सोललेली बोटे पाहिली.

“गुरुजी, चार दिसांत अंग वाढत नसतंय. आनि मुठीनं डोकं फोडाय गेला तर ह्येचीच बोटं मोडतील. आदी पडाय शिकू दे. पडायचं भ्या गेलं की निम्मी कुस्ती जितली.”

मग त्यांनी त्याला हौद्यात उतरविले. हनुवटी छातीशी घेऊन कसे पडावे. भारी गड्यापुढे ताठ उभे न राहता गुडघ्यांत वाकून कंबर खाली कशी ठेवावी. तो रेटू लागला की उलट न रेटता बाजूस सरकून त्याचाच भार त्याला कसा भोवू द्यावा, हे दाखविले. जड अंगाचा दम बहुधा लवकर उखडतो, तेव्हा पहिली काही मिनिटे निभावणे हीच हलक्या गड्याची ढाल, असेही सांगितले. निघताना त्यांनी आम्हांसच विचारले, “त्या पोराच्या बापाला सांगितलंसा काय?” आम्ही निरुत्तर झालो. “मग आदी तिकडं जावा की!”

दुसऱ्या दिवशी छत्री घेऊन नातवासह त्या घरी गेलो. वडील शेतकरी. त्यांनी सारे ऐकून घेतले, मुलास समोर बोलाविले, आणि चहा घेतल्याशिवाय आम्हांस उठू दिले नाही. ठरले ते असे: डबा व टपली त्याच दिवशी बंद, दोघांनीही तालमीत यावे, जोड कधी लावावयाची ते वस्ताद सांगतील.

त्या पावसाळ्यात रात्री आम्ही नातवास खाशाबा जाधवांची हकीकत सांगत असू. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचा हा मल्ल अंगाने लहानखुरा. राजाराम कॉलेजच्या स्पर्धेत प्रथम त्यांना घेण्यासच नकार मिळाला होता व पुढे संधी मिळताच त्यांनी थोराड गड्यांना आस्मान दाखविले, असे सांगतात. 1948 साली लंडनला मातीऐवजी मॅटवर लढावे लागले. सहावा क्रमांक आला. चार वर्षे तयारी करून 1952 साली हेलसिंकीहून त्यांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

संस्कृतात ‘अलम्’ असे एक अव्यय आहे. त्याच्या योगे चतुर्थी आली की अर्थ होतो ‘समर्थ, पुरेसा’. आणि जुन्या वैयाकरणांनी त्यास उदाहरण मल्लाचेच दिले आहे: अमुक मल्ल तमुक मल्लास पुरेसा आहे. तो मोठा असावा, अशी अट त्यात कोठेही नाही. तेच अव्यय तृतीयेसह आले की अर्थ होतो ‘पुरे, आता नको’. आम्ही जन्मभर मुलांना हा दुसरा अर्थ शिकविला. पहिला शिकविण्याचे राहून गेले.

नागपंचमीस वस्तादांनी जोड लावली. सलामी झाली, खडाखडी झाली. नातवाने एकदा एकेरी पट काढला व तो थोराड मुलगा डगमगला. आम्ही बसल्या जागी अर्धे उठलो. पण पुढे त्याचा भार आलाच, आणि आमच्या नातवाची पाठ मातीला लागली. वस्ताद “पुरे!” म्हणाले. नातू उठला, मोठ्या मुलाने त्याच्या पाठीची माती झाडली, आणि दोघेही पाण्याच्या पिंपाकडे गेले. घरी येताना तो हरलेला दिसत नव्हता. भ्यालेला तर नव्हताच.

त्या जुन्या विद्यार्थ्याचा ठावठिकाणा आम्हांस आजही ठाऊक नाही. म्हणून वाचकांस एकच विनंती. आपल्या घरातील मूल एकाएकी मुके झाले, डबा रिकामा येऊनही भुकेलेले दिसले, तर सुभाषित सांगण्यापूर्वी पायांत चपला घालाव्यात व त्याचे बोट धरून बाहेर पडावे.